गाड्यांचं आपसातलं बोलणं: संदेश पोहोचतो, पण त्यावर ब्रेक लावायचा का?

प्रश्न असा आहे: आजच्या गाडीत कॅमेरा आहे, रडार आहे, चालकाच्या खिशात मोबाइल आहे, मग गाड्यांना एकमेकींशी बोलायला वेगळा रेडिओ कशाला? हे तंत्र इतकी वर्षं चर्चेत आहे, तर रस्त्यावर फारसं दिसत का नाही? आणि ज्याला यात काम शिकायचंय त्यानं सुरुवात कुठून करावी? वाहनांमधले रेडिओ आणि त्यावर चालणाऱ्या धोक्याच्या सूचना हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे तिन्ही भागांचं उत्तर जरा सविस्तर देतो.

थोडक्यात सांगायचं तर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत संदेश पोहोचवणं हा या कामातला सोपा भाग आहे आणि तो बराचसा सुटलेला आहे. अवघड भाग पुढचा. आलेल्या संदेशावर चालकानं, किंवा गाडीनं स्वतः, ब्रेक लावावा इतका तो भरवशाचा आहे का? या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणी, अगदी धोरणातल्या सुद्धा, फिरून याच प्रश्नाशी येतात.

आधी कॅमेरा आणि रडारबद्दल. दोन्हींची मर्यादा एकच: समोर आडोसा असेल तर पलीकडचं दिसत नाही. तुमच्या पुढे एक उंच ट्रक आहे आणि ट्रकच्या पुढे एक कार. त्या कारनं अचानक जोरात ब्रेक मारला. तुम्हाला दिसतो तो ट्रकचा मागचा भाग. ट्रकचालकाला ते कळेल, तो ब्रेक दाबेल, त्याचे दिवे लागतील आणि मग तुमची प्रतिक्रिया सुरू होईल. काही रडार ट्रकच्या पोटाखालून, रस्त्यावर आपटून परत येणाऱ्या लहरी टिपतात आणि पुढच्या गाडीचा अंदाज घेतात, पण ते ट्रकच्या बांधणीवर आणि रस्त्यावर अवलंबून असतं. ताशी ९० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. प्रतिक्रियेला दीड सेकंद लागला, तर ब्रेक दाबेपर्यंतच साडेसदतीस मीटर रस्ता संपलेला असतो. तीच माहिती पहिल्या कारकडून रेडिओनं थेट आली तर ०.१ सेकंदात, म्हणजे अडीच मीटर जाण्याच्या आत, तुमच्या गाडीला कळते. ट्रकमध्ये कुठलंही यंत्र नसलं तरी चालतं. इमारतीनं झाकलेला चौक, वळणापलीकडे बंद पडलेली गाडी, ओव्हरटेक करताना समोरून येणारं वाहन हे सगळे प्रसंग याच जातीचे आहेत. वेगळा रेडिओ हवा तो नेमका या आडोशापलीकडच्या धोक्यासाठी.

मग मोबाइल नेटवर्क का नको? ज्या माहितीला काही सेकंदांची सवड आहे तिला ते चांगलं चालतं. पुढे दोन किलोमीटरवर रस्त्याचं काम चालू आहे, पूल निसरडा झालाय, रांग लागली आहे, सिग्नल किती वेळात हिरवा होईल, हे सगळं टॉवर आणि सर्व्हरमार्गे येऊ शकतं. २०१६ मध्ये ऑडीनं लास व्हेगासमध्ये सिग्नल बदलायला उरलेले सेकंद गाडीच्या डॅशबोर्डवर दाखवायला सुरुवात केली, ती ४जी जोडणीवरच. पण ट्रकपुढच्या कारचा प्रसंग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा आहे. तिथं सरासरी विलंब किती हे विचारून भागत नाही. सर्वात वाईट वेळी किती, हे विचारावं लागतं. टॉवरवर गर्दी असेल, दोन गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर असतील, घाटात कव्हरेजच नसेल, तर नेमका तोच संदेश उशिरा येईल. थेट रेडिओला मध्ये कोणीच लागत नाही. जिथं दोन गाड्या जवळ आल्या तिथं नेटवर्क आपोआप तयार असतं.

आता या संदेशात असतं तरी काय ते नीट पाहू, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण दहा वेळा एक मूलभूत सुरक्षा संदेश हवेत सोडते. त्यात तात्पुरता ओळखक्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, या स्थानाची अचूकता किती असावी याचा गाडीनं स्वतः दिलेला अंदाज, वेग, दिशा, स्टिअरिंगचा कोन, प्रवेग, ब्रेकची स्थिती आणि गाडीची लांबी-रुंदी एवढं असतं. जोडीला गाडी गेल्या काही शे मीटरमध्ये कुठून कुठून आली त्याचे ठिपके पाठवता येतात. युरोपात असाच संदेश परिस्थितीनुसार सेकंदाला एक ते दहा वेळा जातो: गाडी चार मीटर सरकली, दिशा चार अंशांनी बदलली किंवा वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरचा फरक पडला की नवा संदेश. उभी गाडी त्यामुळे कमी बोलते, वळणारी जास्त. अपघात, बंद गाडी, जोरात लावलेला ब्रेक अशा घटनांसाठी तिथं वेगळा संदेश आहे आणि तो घटना घडल्यावरच निघतो.

यात कुणालाही आज्ञा नसते. ‘मागच्या गाडीनं थांबावं’ असं कोणी म्हणत नाही. मी इथं आहे, या वेगानं या दिशेला चाललोय, एवढंच प्रत्येक जण सांगतो. ऐकणाऱ्या गाडीला आजूबाजूच्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवायची असते, दोन संदेशांच्या मधल्या वेळात ती कुठे पोहोचली असेल याचा हिशोब करायचा असतो आणि आपली वाट व तिची वाट कुठे छेदतात ते ठरवायचं असतं. ती माझ्याच लेनमध्ये आहे की शेजारच्या? सरळ रस्त्यावर हे भूमितीनं सुटतं. वळणावर मात्र समोरची गाडी नाकाच्या रेषेत दिसते आणि प्रत्यक्षात ती पलीकडच्या लेनमध्ये असते. तिथं ते मागचे ठिपके उपयोगी पडतात: ती जिथून गेली त्याच वाटेवर मी आहे का, हे तपासता येतं. मी नव्या लोकांना सगळ्यात आधी वळणावरच्या नोंदी पाहायला देतो, कारण सरळ रस्त्यावर प्रत्येक प्रणाली उत्तम चालते.

रेडिओच्या बाजूला दोन घराणी आहेत. पहिलं वायफायच्या कुळातलं: आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ८०२.११पी हे मानक, जे २०१० मध्ये मंजूर झालं. नेहमीच्या वायफायमध्ये आधी जोडणी करावी लागते. इथं ती पायरी काढून टाकली आहे, कारण समोरून येणारी गाडी टप्प्यात असते जेमतेम काही सेकंद. चॅनेलची रुंदी २० ऐवजी १० मेगाहर्ट्झ ठेवली, त्यामुळे प्रत्येक चिन्ह, म्हणजे हवेत सोडलेला माहितीचा एक तुकडा, दुप्पट वेळ चालतं आणि दोन चिन्हांमधली राखीव जागा १.६ मायक्रोसेकंदांची होते. रस्त्यावर इमारती, डोंगर, ट्रक यांवरून येणारे प्रतिध्वनी घरातल्यापेक्षा फार लांबचे असतात. १.६ मायक्रोसेकंदांत लहर जवळपास ४८० मीटर जाते, म्हणजे इतका वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीही पुढच्या चिन्हावर चढत नाही. दुसरं घराणं मोबाइलच्या कुळातलं, सी-व्ही-टू-एक्स, म्हणजे मोबाइलच्या तंत्रानं गाडीचं इतर सगळ्यांशी बोलणं. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेनं २०१७ मध्ये आपल्या रिलीज १४ या आवृत्तीत ते आणलं आणि २०२० च्या रिलीज १६ मध्ये ५जीवर आधारलेली पुढची आवृत्ती दिली. नाव मोबाइलचं असलं तरी यातली गाडी-ते-गाडी बाजू टॉवरशिवाय चालते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘५जी आल्यावर होईल’ हे वाक्य फार ऐकू येतं.

दोन्ही घराणी बहुतेक ठिकाणी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतात. इथं तरंगलांबी सुमारे ५ सेंटिमीटर. मोकळ्या हमरस्त्यावर ३०० मीटर सहज आणि समोर काही आड नसेल तर त्याहून बरंच लांब ऐकू जातं. पण एवढ्या लहान लहरी कोपऱ्यावरून फारशा वळत नाहीत. चारही कोपऱ्यांवर उंच इमारती असलेल्या चौकात, म्हणजे जिथं या सूचनेची सर्वाधिक गरज आहे तिथंच, सिग्नल सर्वात दुबळा असतो. समोरच्या भिंतींवर, उभ्या वाहनांवर आपटून जे येईल त्यावर काम भागवावं लागतं. जपाननं यासाठी ७६० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला. तरंगलांबी जवळपास ३९ सेंटिमीटर, कोपऱ्याला वळसा घालायला बरी. २०१५ मध्ये टोयोटानं त्यावरच आपली आयटीएस कनेक्ट प्रणाली विक्रीच्या गाड्यांत आणली. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय मला कायम समंजस वाटत आलाय.

अँटेना कुठे बसवली याला कागदावर दोन ओळी मिळतात आणि प्रत्यक्षात निम्मा निकाल तिथं ठरतो. कारच्या छताच्या मध्यावर असेल तर चारी बाजूंना सारखं ऐकू येतं. छत काचेचं असेल तर खालची धातूची पाटी जाते आणि अँटेनाचं वागणंच बदलतं. मोठ्या ट्रेलरमध्ये केबिनवर लावलेली अँटेना मागच्या बाजूला आंधळी असते, म्हणून दोन्ही आरशांजवळ एकेक लावावी लागते. दुचाकीवर तर चालकाचं शरीरच आड येतं, आणि दुचाकीस्वाराला या तंत्राची गरज सगळ्यांत जास्त आहे.

आता गर्दी. डिजिटल सही आणि प्रमाणपत्र (पाठवणारा खरा असल्याचा पुरावा, त्याबद्दल पुढे) यांसकट एक संदेश साधारण ३०० बाइटचा होतो. सेकंदाला ६ मेगाबिटच्या नेहमीच्या दरानं तो हवेत ४०० मायक्रोसेकंद घेतो. सुरुवातीची खूण आणि दोन संदेशांमधली मोकळी जागा धरली की अर्धा मिलिसेकंद समजा. १०० गाड्या सेकंदाला दहा वेळा बोलल्या की प्रत्येक सेकंदातला अर्धा सेकंद भरला. २०० गाड्या झाल्या की चॅनेल संपला, आणि अनेक लेनच्या तुंबलेल्या रस्त्यावर ३०० मीटरच्या वर्तुळात २०० गाड्या सहज असतात. म्हणून गर्दी वाढली की प्रत्येक गाडी आपलं बोलणं कमी करते. अमेरिकी मानकात हे अंतर ६०० मिलिसेकंदांपर्यंत वाढू शकतं. पण गाडीनं जोरात ब्रेक लावला किंवा ती अनपेक्षित हलली की रांग सोडून संदेश ताबडतोब जातो. रांगेत सावकाश सरकणाऱ्या गाडीनं कमी बोललं तर बिघडत नाही. हा विचार या मानकांतल्या सर्वात शहाण्या विचारांपैकी आहे.

या संदेशांना पोचपावती नसते. सगळ्यांना उद्देशून बोललं की पावती कोण देणार? दोन गाड्या एकमेकींना ऐकू शकत नाहीत, पण मधल्या तिसरीला दोघी ऐकू येतात. त्या दोघी एकाच वेळी बोलल्या की तिसरीला काहीच कळत नाही. म्हणून प्रणाली तपासताना ‘किती टक्के संदेश पोहोचले’ हा आकडा मला पुरेसा वाटत नाही. दहातले तीन संदेश विखरून हरवले तर फार नुकसान नाही: सलग पाच हरवण्याची शक्यता तेव्हा पाव टक्क्याच्याही खाली असते. धोका असतो तो सलग हरवण्यात. सी-व्ही-टू-एक्समध्ये गाडी आधी हवेचा कानोसा घेते आणि रिकामी दिसलेली जागा काही काळ स्वतःसाठी धरून ठेवते. हे गर्दीत शिस्तीचं पडतं. मात्र दोन गाड्यांनी चुकून एकच जागा धरली तर त्या पुन्हा पुन्हा एकमेकींवरच बोलत राहतात आणि त्यांना स्वतःला ते कळतही नाही, कारण बोलताना ऐकता येत नाही. टक्केवारी उत्तम आणि तरी एका विशिष्ट गाडीबद्दल पूर्ण सेकंदभर शांतता, असं यातून होऊ शकतं. त्यामुळे कोणी चाचणीचा अहवाल दाखवला तर मी दोन लागोपाठच्या संदेशांमधलं सर्वात मोठं अंतर विचारतो.

इथवर रेडिओ झाला. आता भरवशाकडे येऊ.

पहिला प्रश्न स्थानाचा. गाडी ‘मी इथं आहे’ म्हणते ते उपग्रहांवरून काढलेल्या स्थानावरून. अमेरिकी मानकाची अपेक्षा मोकळ्या आकाशाखाली सुमारे दीड मीटरची आहे. लेन तीन ते साडेतीन मीटरची. म्हणजे सगळं ठीक असताना लेन ओळखता येते, आणि उंच इमारतींमधून किंवा पुलाखालून जाताना ते गणित मोडतं. एका चाचणीच्या नोंदी नकाशावर मांडल्या होत्या त्या मला अजून स्पष्ट आठवतात. पुलाखाली शिरेपर्यंत गाडीचे ठिपके लेनच्या मधोमध एका ओळीत, मग काही सेकंद सेन्सरच्या अंदाजावर बरे चाललेले, आणि बाहेर पडताना उपग्रह परत दिसू लागताच एकदम चार-पाच मीटर बाजूला उडी. त्या क्षणी तिच्या मागच्या गाडीच्या दृष्टीनं ती शेजारच्या लेनमध्ये गेली होती, आणि शेजारच्या लेनमधल्या गाडीला ती अचानक आपल्यासमोर दिसली. प्रत्यक्षात कोणी हललंच नव्हतं.

याच पुलाचा आणखी एक त्रास आहे. वरून एक गाडी जातेय, खालून दुसरी काटकोनात. नकाशावर दोन्ही वाटा अगदी नीट छेदतात आणि वेळही जुळते. उपग्रहांवरून काढलेली उंची नेहमीच आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते, त्यामुळे सहा-सात मीटरचा फरक तिच्यावर सोडवत नाही. प्रणाली जोरात ओरडते: धडक होणार! चालक बघतो तर चौकच नाही. असं आठवड्यात दोन-चारदा झालं की तो सूचना बंद करून टाकतो, आणि खऱ्या वेळी त्याला कोणीच सांगत नाही. खोट्या सूचना टाळायला उंबरठा वर न्यावा, तर खऱ्या सूचना उशिरा येतात. या दोहोंमधली जागा अरुंद आहे आणि आमच्या कामातला सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो.

दुसरा प्रश्न, बोलणारा खरा आहे का? रस्त्याकडेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोणीही ‘मी रुग्णवाहिका आहे’ असं सांगितलं तर? म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते, आणि आयट्रिपलई १६०९.२ या मानकात तिचे नियम आहेत. पण कायम एकच प्रमाणपत्र वापरलं तर रस्त्याकडेला रेडिओ लावून कोणीही एखाद्या माणसाचा दिवसभराचा माग काढू शकेल. यावर अमेरिकी रचनेत तोडगा असा आहे की गाडीला आठवड्यासाठी २० टोपणनावाची प्रमाणपत्रं मिळतात आणि ती थोड्या थोड्या मिनिटांनी बदलली जातात. प्रमाणपत्र बदललं की तात्पुरता क्रमांकही बदलतो. प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेचे भागही असे वेगळे ठेवले आहेत की कुठल्याही एकाच कार्यालयाला गाडी आणि टोपणनाव यांची सांगड घालता येऊ नये. सुरक्षेसाठी प्रवाशाची खासगी हालचाल पणाला लावायची नाही, हे इतक्या बारकाईनं ठरवलेलं पाहून मला या क्षेत्राबद्दल आदर वाटतो. याची किंमत अर्थात आहे. १०० शेजारी सेकंदाला दहा वेळा बोलले तर सेकंदाला १,००० सह्या तपासायच्या. त्यासाठी वेगळी चिप लागते, किंवा आधी धोका वाटणारे संदेश निवडून तेवढेच तपासावे लागतात.

तरीही सही नेमकं काय सिद्ध करते हे विसरू नका. अधिकृत यंत्रानं हा संदेश पाठवला आणि वाटेत तो बदलला नाही, एवढंच. त्या यंत्राचं स्थान चार मीटरनं चुकलेलं असेल, तर त्या चुकीच्या स्थानावरही सही अगदी खरी असते. म्हणून ऐकणाऱ्यानं शहानिशा करायला हवी: ही गाडी एका झेपेत शक्य नसलेलं अंतर गेली का? दोन गाड्या एकाच जागी उभ्या असल्याचं सांगत आहेत का? माझ्या रडारला तिथं काही दिसतंय का? माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या रेडिओच्या संदेशावर गाडीनं स्वतःहून पूर्ण ताकदीनं ब्रेक मारू नये. चालकाला इशारा द्यावा, ब्रेकमध्ये दाब भरून ठेवावा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवावं. पूर्ण ब्रेक मात्र स्वतःच्या कॅमेऱ्यानं किंवा रडारनं दुजोरा दिल्यावरच. आणि हे तंत्र कमी लेखण्यासारखं यात काही नाही. दीड-दोन सेकंद आधी सावध झालेला चालक बहुतेक वेळा टक्कर टाळतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: मग रस्त्यावर का दिसत नाही? पहिलं कारण साध्या गुणाकारात आहे. सूचना मिळायला दोन्ही गाड्यांत यंत्र लागतं. १० टक्के गाड्यांत ते असेल तर दोन्ही बाजूंना यंत्र असण्याची शक्यता १ टक्का. ३० टक्क्यांना ९, आणि ७० टक्के गाड्या सज्ज झाल्या तरी निम्म्याहून थोडी कमी. सीटबेल्ट पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याला वाचवतो. हा रेडिओ पहिल्या ग्राहकाला जवळजवळ काहीच देत नाही. अशी वस्तू बाजार स्वतःहून आणत नाही, म्हणून सक्तीचा विचार पुढे आला.

अमेरिकेत १९९९ मध्ये दूरसंचार आयोगानं ५.९ गिगाहर्ट्झमध्ये ७५ मेगाहर्ट्झची पट्टी यासाठी राखून ठेवली. २०१२ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला सुमारे २,८०० वाहनांची मोठी चाचणी सुरू झाली. २०१४ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं अंदाज दिला की चौकातली धडक आणि समोरून येणारी वाहतूक कापून वळताना होणारी धडक, या फक्त दोन प्रकारच्या सूचनांनी वर्षाला ५,९२,००० पर्यंत अपघात आणि १,०८३ मृत्यू टळू शकतील. २०१७ च्या सुरुवातीला नव्या हलक्या वाहनांसाठी सक्तीचा मसुदाही आला. पण तोवर दुसरं घराणं उभं राहिलं होतं. कोणता रेडिओ, यावर उद्योग दुभंगला, पट्टी बराच काळ जवळपास रिकामी राहिली, आणि रिकाम्या पट्टीवर वायफायवाल्यांची नजर गेली. २०२० मध्ये आयोगानं तिच्यातले खालचे ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या विनापरवाना वापराला दिले आणि उरलेले ३० मेगाहर्ट्झ सी-व्ही-टू-एक्सकडे वळवले. २०२३ मध्ये सक्तीचा मसुदा अधिकृतपणे मागे घेतला गेला.

युरोपात २०१९ मध्ये वायफाय घराण्याला झुकतं माप देणारा नियम सदस्य देशांच्या परिषदेनं फेटाळला. तरी फोक्सवॅगननं आठव्या पिढीच्या गोल्फपासून ते यंत्र गाडीत द्यायला सुरुवात केली. सक्ती नसताना उचललेलं हे पाऊल मी फार मोलाचं मानतो. चीननं २०१८ मध्ये ५,९०५ ते ५,९२५ मेगाहर्ट्झची पट्टी सी-व्ही-टू-एक्सला दिली आणि वाद तिथंच संपवला. दोन्ही घराण्यांचे रेडिओ एकाच पट्टीत असले तरी एकमेकांची भाषा त्यांना कळत नाही. दोघांच्या कामगिरीत फरक आहेत, गर्दीत आणि लांब पल्ल्यावर ते मोजताही येतात. पण त्या फरकांनी जेवढं मिळालं असतं त्याहून कितीतरी जास्त या भांडणात गेलं, असं मला मनापासून वाटतं. दोन्हींतला कुठलाही एक वेळेवर निवडला असता तर आज बऱ्याच गाड्यांत तो जुना होऊन बसला असता.

त्या गुणाकारातून सुटायचे दोन मार्ग आहेत, आणि पुढची दिशा मला तिथंच दिसते. पहिला, एक बाजू रस्त्याची असू द्या. सिग्नलच्या खांबावर रेडिओ बसवला की तो सिग्नलची सद्यस्थिती, ती केव्हा बदलेल आणि चौकातल्या लेनचा नकाशा पाठवत राहतो. इथं गाडी एकटी सज्ज असली तरी लगेच फायदा मिळतो, म्हणजे १० टक्के गाड्यांना पूर्ण १० टक्के. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्यांना हिरवा सिग्नल, उशीर झालेल्या बसला काही जादा सेकंद, रस्त्याच्या कामाजवळ उभ्या असलेल्या इशारा-ट्रेलरवरून मागच्या वाहतुकीला सूचना, या कामांना सगळ्या शहराच्या गाड्या बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. ठरावीक ताफा आणि ठरावीक चौक एवढ्यावर ती सुरू होतात. कोणी नगरपालिका किंवा रस्ते विभागाकडून सल्ला मागितला तर मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

दुसरा मार्ग, स्वतःबद्दलच बोलण्याऐवजी दिसतंय तेही सांगा. एखाद्या गाडीच्या कॅमेऱ्याला किंवा चौकातल्या खांबावरच्या रडारला जे पादचारी, सायकली, यंत्र नसलेल्या गाड्या दिसतात, त्यांची यादी तिनं इतरांना द्यायची. युरोपीय मानकांत यासाठी स्वतंत्र संदेश आहे. एका सज्ज गाडीमुळे तिच्या आसपासचे पाच-सहा जण इतरांना दिसू लागतात आणि मघाचं गणित पार बदलतं. चालणाऱ्या माणसाच्या खिशात कोणतंही यंत्र नसताना त्याला या व्यवस्थेत जागा मिळते, हे मला यातलं सर्वात मोठं वाटतं. भरवशाचा प्रश्न मात्र दुप्पट होतो, कारण आता दुसऱ्याच्या स्थानाबरोबर दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावरही विश्वास ठेवायचा आहे.

वाहतूक नियोजनाबद्दल थोडं. रस्त्यावर काहीही आडवं नसताना कोंडी का होते, हे जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छान दिसतं: २३० मीटरच्या गोल वाटेवर २२ गाड्या सारख्या वेगानं चालवायच्या, एवढंच सांगितलं होतं. थोड्याच वेळात कोंडीची लाट तयार झाली आणि मागे मागे सरकू लागली. प्रत्येक चालक पुढच्याला पाहून थोडा उशिरा आणि थोडा जास्त ब्रेक लावतो, म्हणून ती वाढते. रडारवर चालणारं साधं क्रूझ नियंत्रणही असंच वागू शकतं. पुढच्या गाडीनं आपला प्रवेग रेडिओनं कळवला तर मागची गाडी फरक दिसायची वाट न पाहता त्याच क्षणी तसंच वागते आणि लाट विरते. १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या महामार्गावर कॅलिफोर्नियाच्या पाथ या संशोधन कार्यक्रमानं आठ गाड्या अवघ्या साडेसहा मीटर अंतरानं ताफ्यात चालवून दाखवल्या होत्या. एवढं कमी अंतर रोजच्या रस्त्यावर कोणी ठेवणार नाही, पण लाट विझवायला तेवढं जवळ जायची गरजही नसते.

शिकायला सुरुवात कुठून करावी? संगणकावर करायचं असेल तर सुमो हा वाहतुकीचा सिम्युलेटर, ओमनेट++ हा नेटवर्कचा, आणि दोघांना जोडणारं वेन्स ही तिन्ही मोफत मिळतात. गाड्या वाढवत न्या, आणि सरासरी न काढता प्रत्येक जोडीमधली सर्वात लांब शांतता मोजा. पण त्याही आधी एक काम करा, त्याला रेडिओ लागत नाही. दोन गाड्यांत एकेक साधा उपग्रह-रिसीव्हर ठेवा, सेकंदाला दहा नोंदींवर लावा, आणि दोघी एकाच रस्त्यानं मागे-पुढे चालवा. वाटेत एक वळण, एक पूल आणि उंच इमारतींची एक गल्ली असू द्या. दोन्ही नोंदी वेळेप्रमाणे जुळवून नकाशावर मांडा आणि प्रत्येक क्षणी मागच्या गाडीला पुढची कोणत्या लेनमध्ये वाटली असती ते लिहून काढा. मग एक साधा नियम लिहा: इतक्या अंतरात, याच लेनमध्ये, इतक्या वेगफरकानं गाडी असेल तर सूचना. तासाभरात किती खोट्या सूचना वाजल्या आणि खरी किती उशिरा वाजली, हे दोन आकडे हातात आले की कोणत्या रेडिओवर काम करायचं हे ठरवायला बसा.